जो पवित्र, जो सत्य, ज्याच्याजवळ दाविदाची किल्ली आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. गावात ख्रिस्ती घरं सहा. रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर शास्त्रवाचन होतं आणि त्याला सहा घरांबाहेरचेही लोक येऊन बसतात. मागच्या पावसाळ्यात आम्ही प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय वाचायला घेतला. सातवं वचन आलं आणि पुढचे पाच रविवार आम्ही त्याच एका वचनावर होतो. घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी, माझ्यासोबत निंदणाला येणाऱ्या बायांनी आणि बारावीतल्या नातवाने जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे लिहून काढले आहेत.

हे वचन आहे तरी कुठलं? कोणी कोणाला लिहिलं?

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. योहान पात्म बेटावर कैदेत असताना त्याला दर्शन झालं आणि आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, पत्रं लिहायची आज्ञा मिळाली. हा आशिया प्रांत म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. बहुतेक अभ्यासक हे पुस्तक इ. स. ९५च्या सुमाराचं, डोमिशियन बादशहाच्या काळातलं मानतात. सहावं पत्र फिलदेल्फियाच्या मंडळीला आहे. त्या शहराचं आजचं नाव आलाशेहिर. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला येशू स्वतःची ओळख वेगळ्या शब्दांत करून देतो. या पत्रातली ओळख अशी: जो पवित्र, जो सत्य, ज्याच्याजवळ दाविदाची किल्ली आहे, ज्याने उघडल्यावर कोणी बंद करणार नाही आणि ज्याने बंद केल्यावर कोणी उघडणार नाही.

फिलदेल्फियाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते ऐकल्यावर आमच्या ओसरीवरच्या लोकांना हे पत्र एकदम जवळचं वाटायला लागलं. इ. स. १७ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. एका रात्रीत आशियातली बारा शहरं पडली, त्यांत हेही होतं. तिबिर्य बादशहाने कर माफ केला. स्त्राबो नावाच्या त्या काळच्या भूगोलकाराने लिहून ठेवलं आहे की तिथल्या भिंतींना रोज तडे जात, म्हणून शहरात थोडेच लोक राहत, बाकीचे बाहेर शेतात राहून शेती करत. ज्यांनी १९९३ साली किल्लारीच्या बातम्या ऐकल्या, त्यांना घरात झोपायची भीती काय असते हे सांगावं लागत नाही. त्या भागात द्राक्षाच्या बागा होत्या. डोमिशियनने प्रांतांमधल्या निम्म्या द्राक्षबागा तोडण्याचा हुकूम काढला होता. तो नेटाने अमलात आला नाही, पण राजधानीतून असा कागद निघाला की बागवाल्याच्या घरात काय होतं, ते वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्यांना विचारा. अशा लोकांना हे पत्र आलं आहे.

दाविदाची किल्ली म्हणजे नेमकं काय?

यासाठी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २२वा अध्याय उघडावा लागतो. दाविद राजाच्या वंशातल्या हिज्कीया राजाच्या वाड्यावर शेबना नावाचा कारभारी होता. दिवाणजीच म्हणा. हा माणूस खडकात स्वतःसाठी मोठी कबर खोदून घेण्यात गुंतला होता. देवाने यशयाला सांगितलं, याला काढून टाकतो आणि हिल्कियाचा पुत्र एल्याकीम याला बोलावतो, दाविदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवतो. तो उघडील ते कोणी बंद करणार नाही.

खांद्यावर कशाला, असं नातवाने विचारलं. जुन्या वाड्यांच्या किल्ल्या खिशात मावण्याजोग्या नसत. त्या काळच्या मोठ्या दरवाजांच्या किल्ल्या तर लाकडी आणि हातभर लांब असत. आणि खांद्यावरची वस्तू सगळ्यांना दिसते. राजाला कोण भेटणार, कोठार कोणासाठी उघडणार, हे या माणसाच्या हातात आहे, हे बघणाऱ्याला लांबूनच कळायचं.

पण त्या अध्यायाचा शेवट कोणी वाचत नाही. एल्याकीमबद्दल देव म्हणतो, मी त्याला पक्क्या जागी खुंटीसारखा ठोकीन. मग त्याच्या घराण्यातले सगळे, लहानमोठं प्रत्येक भांडं, त्या एका खुंटीला लटकतं आणि खुंटी निघून खाली पडते. आपल्याकडच्या मातीच्या भिंतीत ठोकलेली खुंटी आठवा. तिला कासरा लटकवला, पिशवी लटकवली, डबा लटकवला, सगळ्या घराने लटकवलं, तर भिंतीचा पोपडा घेऊनच ती खाली येते. भला कारभारीसुद्धा नातेवाइकांच्या भाराने पडला. प्रकटीकरणात येशू जेव्हा तीच किल्ली माझ्याजवळ आहे म्हणतो, तेव्हा या पडलेल्या खुंटीची आठवण ऐकणाऱ्याला असते. ही खुंटी मात्र पडत नाही, असं ते वचन सांगतं.

पवित्र म्हणजे सोवळ्यातला का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या जिवाला सगळ्यांत जास्त लागलेलाही हाच.

खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. माझ्या आजीच्या तरुणपणी गावात गोड्या पाण्याची विहीर एकच होती. आजी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. तिने घागर विहिरीला लावली तर विहीर बाटायची. म्हणजे पवित्रपण कसं समजलं जायचं? ते नाजूक आहे, ते दुसऱ्याच्या स्पर्शाने मोडतं, म्हणून त्याला जपायचं आणि माणसाला लांब ठेवायचं.

बायबलमध्ये ही समजूत अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात याजकांना एक प्रश्न विचारला आहे. पवित्र मांस पदरात बांधलं आणि तो पदर भाकरीला लागला तर भाकर पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. आणि मढ्याला शिवलेल्या माणसाने तिला हात लावला तर ती अशुद्ध होते का? होते. म्हणजे विटाळ पसरतो, पवित्रपण पसरत नाही.

आता मार्काचं शुभवर्तमान घ्या. पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येऊन गुडघे टेकतो. येशू त्याला लांबून शब्दानेही बरं करू शकला असता. इतर ठिकाणी त्याने तसं केलं आहे. इथे तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि कुष्ठ जातं. पाचव्या अध्यायात १२ वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. लेवीयाच्या १५व्या अध्यायाप्रमाणे ती ज्याला शिवेल ते अशुद्ध. पण इथे उलटं घडतं. तिच्यातून विटाळ त्याच्याकडे जात नाही, त्याच्यातून सामर्थ्य तिच्याकडे जातं. लगेच पुढे तो याईराच्या घरी मेलेल्या मुलीचा हात धरतो. ती मुलगीही १२ वर्षांची. एकीचं दुखणं आणि दुसरीचं आयुष्य सारख्याच वर्षांचं, हे मार्काने मुद्दाम सांगितलं आहे असं मला वाटतं.

हाग्गयाच्या याजकांचं उत्तर चूक नव्हतं. पण आता असा कोणी आला होता, ज्याचं पवित्रपण पसरतं. येशूची पवित्रता भिंतीआड जपून ठेवावी लागत नाही. ती गोड्या पाण्यासारखी आहे. खाऱ्या जमिनीत शिरली तर ती खारट होत नाही, जमीन गोड करते. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे अशक्य वाटेल, आणि तसंच वाटलं पाहिजे, कारण निसर्गात असं होत नाही.

विदर्भाला स्पर्शाची ही भाषा परकी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे, यांनी ज्या लोकांना गावाने बाहेर काढलं होतं त्यांच्या जखमांना हात लावला. ही माणसं ख्रिस्ती नव्हती. तरी त्यांचं काम पाहिलं की मार्काचा पहिला अध्याय मला जास्त कळतो.

एक गोष्ट मात्र सोडू नका. पवित्र या शब्दात वेगळेपण आहेच. ‘माझ्यात पाप आहे असं तुमच्यापैकी कोण सिद्ध करतो?’ हा प्रश्न येशू विरोधकांना तोंडावर विचारतो (योहान ८:४६). तो पाप्यांच्या पंगतीला बसला, त्यांच्या पापाला बरं म्हणाला नाही. दोन्ही एकत्र धरायला आपल्याला जड जातं.

‘सत्य’ म्हणजे तो खरं बोलतो, एवढंच ना?

एवढंच नाही. इथे मूळ ग्रीक शब्द आहे आलेथिनोस. त्याचा अर्थ अस्सल. बियाण्याच्या थैलीवर छापलेला मजकूर खरा असणं वेगळं आणि आतलं बी अस्सल असणं वेगळं. ज्याने बोगस बियाणं पेरून दुबार पेरणी केली आहे, त्याला हा फरक पाठ आहे. थैली सुंदर होती, पावतीही पक्की होती, उगवलं नाही. येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो, स्वर्गातली खरी भाकर म्हणतो, तिथेही हाच शब्द आहे. पेरल्यावर उगवतं ते खरं.

त्याच्या मागे हिब्रू शब्द उभा आहे, एमेथ. ज्यावर भार टाकता येतो, जो दगा देत नाही, असा त्याचा अर्थ. आपण प्रार्थनेनंतर म्हणतो तो आमेन त्याच मुळाचा. आपल्या मराठी बायबलात येशू ‘मी तुम्हांला खचीत खचीत सांगतो’ म्हणतो ना, तिथे मुळात ‘आमेन आमेन’ आहे. लोक आमेन शेवटी म्हणतात, दुसऱ्याच्या बोलण्याला. तो सुरुवातीलाच म्हणतो, स्वतःच्या बोलण्याला. संदेष्टे म्हणायचे, ‘परमेश्वर असे म्हणतो.’ येशू म्हणतो, ‘मी तर तुम्हांस सांगतो.’ एवढ्यावरूनच त्या काळच्या लोकांनी कान टवकारले असतील.

अधिकार आणि ताकद यांत फरक काय?

दांडगा माणूस माझ्या वावरात बैल घालू शकतो. ती ताकद. सात-बारावर नाव माझं आहे, तो अधिकार. ग्रीकमध्येही दोन वेगळे शब्द आहेत, दुनामिस आणि एक्सूसिया.

मत्तयाच्या आठव्या अध्यायातल्या रोमी शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांच्या नायकाला, हे चांगलं कळलं होतं. तो म्हणतो, मी स्वतः ताबेदार माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. मी एकाला जा म्हटलं की तो जातो. म्हणजे माझा शब्द चालतो, कारण मी कोणाच्या तरी शब्दाखाली आहे. त्याने येशूतही हेच ओळखलं. पित्याच्या इच्छेखाली पूर्ण राहणारा, म्हणून ज्याचा शब्द आजार ऐकतो. सैतानाने त्याला सगळ्या राज्यांचा अधिकार देऊ केला होता (लूक ४), एकदा पाया पडण्याच्या मोलाने. तो त्याने नाकारला. पुनरुत्थानानंतर तो म्हणतो, ‘स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मला देण्यात आला आहे.’ मधल्या रस्त्यात क्रूस आहे.

“तुमचा देव तं क्रूसावर मेला. मंग त्याचा अधिकार कायचा?”

हा प्रश्न एका शेजारी काकांनी विचारला, भांडायला नाही, खरोखर कळावं म्हणून. मी प्रश्न जसा आला तसाच ठेवला आहे.

काका, पिलाताच्या दरबारात बघा. एकीकडे रोमचा सुभेदार, दुसरीकडे बांधलेला माणूस. पिलात म्हणतो, तुला सोडायचा अधिकार मला आहे, क्रूसावर द्यायचाही आहे. येशू म्हणतो, वरून दिला नसता तर तुझा माझ्यावर काहीच अधिकार चालला नसता. त्याआधीच पिलात ‘सत्य काय आहे?’ असं विचारून, उत्तराला न थांबता बाहेर निघून गेला होता. सत्य समोर उभं होतं. खटला कोणाचा चालला आहे, हे योहान वाचकावर सोडतो.

आणि योहान १०:१८ मध्ये येशू आपल्या प्राणाबद्दल म्हणतो की तो कोणी माझ्यापासून घेत नाही, तो देण्याचा मला अधिकार आहे आणि परत घेण्याचाही अधिकार आहे. जगात अधिकाराने दुसऱ्याचा जीव घेतात. इथे अधिकार वापरला तो स्वतःचा जीव देण्यासाठी. शेवटच्या रात्रीचं वर्णन वाचा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे जाणून तो भोजनावरून उठला. आता काय करणार असं वाटतं. तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला (योहान १३). ‘सर्व काही हाती’ आणि हातात मळलेले पाय. ज्या दिवशी हे वचन वाचलं, त्या दिवशी काका बराच वेळ गप्प बसून राहिले. त्यांना पटलं की नाही ते मी विचारलं नाही.

येशूने स्वतःला देव म्हटलं कुठे?

या एकाच पुस्तकापुरतं सांगते. प्रकटीकरण ६:१० मध्ये जिवे मारलेल्या साक्षीदारांचे आत्मे देवाला हाक मारतात, ‘हे स्वामी, तू जो पवित्र व सत्य.’ तेच दोन शब्द ३:७ मध्ये येशू स्वतःसाठी वापरतो. आणि ‘पवित्र तो’ ही यशयामध्ये इस्राएलाच्या देवाची पदवी आहे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्याला ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ म्हटल्यावर शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय क्षमा कोण करणार? येशू त्यांचं म्हणणं खोडत नाही. खाटेवरच्या माणसाला उठवून दाखवतो.

किल्ली तर पेत्राला दिली होती ना?

मत्तय १६:१९ मध्ये स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या पेत्र या शिष्याला देण्याचं वचन आहे. कॅथोलिक बांधव ते पेत्राच्या वारसांपर्यंत, पोपपर्यंत चालत आलेलं मानतात. आम्ही प्रोटेस्टंट ते शुभवर्तमानाच्या घोषणेत पाहतो. दोघांनाही मान्य असलेली गोष्ट ही की कारभाऱ्याकडे किल्ली असली तरी घर मालकाचं असतं.

‘मीच मार्ग, सत्य व जीवन आहे’ म्हणजे बाकीच्यांचं सगळं खोटं का?

हे वाक्य येशू कुठे बोलला ते आधी बघा. जाहीर सभेत नाही, वादात नाही. पकडला जाण्याच्या रात्री, घाबरलेल्या थोमाला. थोमा म्हणतो, तुम्ही कुठे जाता ते आम्हाला माहीत नाही, मग मार्ग कसा माहीत असणार? त्याचं हे उत्तर आहे. मी हे वाक्य जसंच्या तसं मानते, त्यातलं अक्षरही कमी करत नाही. पण घाबरलेल्या माणसाला धीर देण्यासाठी बोललेला शब्द शेजाऱ्याच्या अंगावर काठीसारखा उगारला, तर आपण तो चोरला. पोळ्याला शेजारी बैल घेऊन दारात आला की आमच्या घरातून त्याला पुरणपोळी जाते, नाताळला आमच्याकडचा फराळ त्याच्याकडे जातो. सत्य माझ्या मालकीचं नाही. मी त्याच्या मालकीची आहे.

त्याच पत्रात ‘सैतानाची सभा’ असा शब्द आहे. तो यहुद्यांबद्दल आहे का?

फिलदेल्फियातल्या सभास्थानाने येशूला मानणाऱ्यांना बाहेर काढलं असावं, असं पत्रावरून दिसतं. तो एका घरातला वाद होता. लिहिणारा योहान यहुदी, येशू यहुदी, ऐकणाऱ्यांपैकीही बरेच यहुदी. पुढे युरोपात या शब्दांचा वापर करून यहुद्यांचा छळ झाला. ते मोठं पाप होतं. हे वचन कुठल्याही समाजाविरुद्ध वापरू नये.

आणि बाहेर काढल्यामुळेच ‘मी तुझ्यापुढे दार उघडून ठेवले आहे’ या आठव्या वचनाला वजन येतं. काही जण त्या दाराचा अर्थ प्रचाराची संधी असा करतात, प्रेषित पौलाने तो शब्द तसा वापरलाही आहे. मला इथे दुसरा अर्थ जास्त बसतो. एका दाराशी तुम्हाला हाकललं, पण राजाच्या वाड्याचं दार मी तुमच्यासाठी उघडलं आहे, आणि ते हाकलणाऱ्यांना बंद करता येणार नाही.

किल्ली त्याच्याजवळ आहे, तर आमचंच दार बंद का राहिलं?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या घरात दोन वर्षांपूर्वी फवारणीचा डबा उघडला गेला होता. सोसायटीचं कर्ज, सावकाराचं कर्ज, बोंडअळी. तिने प्रार्थना केली होती. आम्ही सगळ्यांनी केली होती.

दार का उघडलं नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि ते आहे असं सांगणाऱ्याजवळ तुम्ही बसू नका. फिलदेल्फियाच्या लोकांनाही भूकंप चुकला नाही. पत्रात कसोटीचा काळ येणार असं स्पष्ट लिहिलं आहे. पण त्या बाईला एक गोष्ट लोकांनी सांगितली होती, की असं मरण आलेल्याला देवाच्या घरी जागा नाही. त्यावर मी गप्प राहू शकले नाही. प्रकटीकरण १:१८ मध्ये येशू म्हणतो, मृत्यू आणि अधोलोक यांच्या किल्ल्या माझ्याजवळ आहेत. त्याच्याजवळ आहेत. गावकऱ्यांजवळ नाहीत, पाळकाजवळ नाहीत, मयतीला बोलणाऱ्यांजवळ नाहीत. ज्याच्याजवळ आहेत, त्याचे हात कुष्ठरोग्याला लावलेले हात आहेत.

आणि ज्याच्या मनात आज असा विचार येतो आहे, त्याने आजच कोणाशी तरी बोलावं. घरच्यांशी, डॉक्टरांशी, रात्री बारा वाजता आमच्या ओसरीवर.

एका प्रवचनकाराने सांगितलं, अमुक दान दिलं की बंद दार उघडतं. खरं आहे का?

नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन जादूगार पैसे पुढे करून म्हणतो, ‘मलाही हा अधिकार द्या.’ पेत्राने त्याला काय म्हटलं ते वाचा. तसंच कोणी प्रार्थना केली म्हणून शुगरच्या, बीपीच्या गोळ्या बंद करा म्हणत असेल तर ऐकू नका. लूक स्वतः वैद्य होता.

आम्ही सहाच घरं. आमच्याने काय होणार?

सात पत्रांमध्ये ज्या दोनच मंडळ्यांना ठपका नाही, त्या स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. पहिली गरीब, दुसरी दुबळी. फिलदेल्फियाला येशू म्हणतो, तुझी शक्ती थोडी आहे, तरी तू माझं वचन पाळलंस. थोडी आहे हे तो झाकत नाही. ती वाढव असंही म्हणत नाही. बाराव्या वचनात त्यांना देवाच्या मंदिरातला खांब करण्याचं आणि तिथून त्यांना पुन्हा कधीही बाहेर जावं न लागण्याचं वचन आहे. भिंती हलल्या की घराबाहेर पळायची सवय लागलेल्या लोकांना दिलेलं हे वचन आहे.

वाचायला कुठून सुरुवात करू?

मार्कापासून. १६ अध्याय आहेत, दोन संध्याकाळींत होतं. मग यशया २२, मग प्रकटीकरण ३:७ ते १३. प्रकटीकरणापासून सुरुवात करू नका, नुसतं श्वापदांच्या आकड्यांत गुंताल. जड मराठी झेपत नसेल तर सोप्या भाषेतलं भाषांतर घ्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळावं म्हणून, सगळं बायबल बोलीच्या जवळच्या मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आलं.

वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्या. माझी आजी अक्षर शिकली नव्हती. ती माझ्याकडून मार्काचा पाचवा अध्याय वाचून घ्यायची आणि ३४व्या वचनावर थांबवायची. तिथे येशू त्या १२ वर्षं विटाळलेल्या बाईला सगळ्या गर्दीसमोर ‘मुली’ म्हणतो. आजी म्हणायची, “पुन्हा वाच मायबाई. त्यानं तिले काय म्हटलं?”